घरात मुलं किती?

१४ डिसेंबर २०१७
कुतुपालोंग छावणी, बांगलादेश

बद्दा,

सलाम. फोनवर तू मला तीन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस, म्हणून आता कागदावर लिहिते. कागदाला मध्येच गप करता येत नाही. आमच्या दवाखान्यातली नर्स रेहनुमा संध्याकाळी उखियाला घरी जाते, तिथून ती या पानांचे फोटो काढून तुला मलेशियाला पाठवील. ती बंगाली आहे, आपली बर्मी अक्षरं तिला वाचता येत नाहीत, तेव्हा तुझी अब्रू शाबूत आहे. वाचायचं नसेल तर नको वाचूस. पण तू वाचणार, मला ठाऊक आहे. बंद पुडी दिसली की ती उघडल्याशिवाय तुझा हात कधी थांबला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, मी दवाखान्याची पिशवी खांद्याला लावली. हो, मी घरोघर जाते. आमच्या ब्लॉकचा मुखिया फयाजचाचा तुला काय सांगत असेल ते मला इथं बसून ऐकू येतं. जफर आलम, तुझी बहीण विधवा होऊन चार महिने दहा दिवस झाले नाहीत, इद्दत संपली नाही, आणि ती परक्या पुरुषांबरोबर टेकड्या चढते. तो परका पुरुष म्हणजे लसींची थंड पेटी वाहणारा साठ वर्षांचा दमेकरी म्हातारा. चढणीवर त्याची पेटी मीच घेते.

इद्दत पाळायला आधी घर लागतं, बद्दा. माझ्या कादरला ओढ्याच्या चिखलात तसाच टाकून मी तुझ्या बायकामुलांना घेऊन चार दिवस चालत आले, तेव्हा कुठल्या उंबऱ्याच्या आत बसायला हवं होतं मी? तेव्हा कोणी मला विचारलं नाही की पोरी, तू घराबाहेर कशी.

रोग गळ्याचा आहे. घशात राखाडी साय धरते, मान कानापासून खांद्यापर्यंत सुजते आणि पोर श्वासाला महाग होतं. घटसर्प म्हणतात. परदेशी डॉक्टरांनीही तो पुस्तकातच पाहिला होता. आपल्या पोरांना तिकडं बर्मात कधी कोणी टोचलंच नाही, म्हणून तो आपल्यातच माजलाय. औषध, सुई, तपासणी, सगळं फुकट आहे. फुकट आहे म्हणून तर लोकांना जास्त संशय येतो. आपल्याला आजवर फुकट कोणी काय दिलंय?

टोचलेल्या पोराच्या नखावर आम्ही शाईची खूण करतो. काल गुलजहार नानीनं मला दारात अडवलं.

"काय गं सेतारा, पोरांच्या बोटांना काळं का फासता?"

"टोचलेलं पोर ओळखू यावं म्हणून."

"बाजारात तर म्हणतात, खूण केलेलं पोर चाळीस दिवसांत ख्रिस्ती होतं."

मी हात पुढं केले. सकाळपासून खुणा करून करून माझी दहाही बोटं कोळसा झाली होती. "हे बघ नानी. त्या मानानं मी आत्तापर्यंत पाद्री झाले असेन. आता वजूला पाणी दे, असरच्या नमाजाची वेळ होत आली."

नानी इतकी हसली की तोंडातलं पान तिच्या ओढणीवर पडलं. मग तिनं चारही नातवंडं रांगेत उभी केली. धाकटा भोकाड पसरायला लागला तर त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "गप रे! बंदुकीच्या गोळ्या चुकवून आलास आणि सुईला घाबरतोस?"

अशी माझी कामं आहेत. यात तुझं नाक कुठं कापलं गेलं ते मला कळव.

घरचं बरं आहे. हारेस आणि मिनारा, दोघांनाही टोचलं. हारेस रडला, मिनारा नाही. शमजिदा भाबीची कंबर धरली आहे. तस्मिदा मजेत आहे.

तुझी बहीण (तू म्हणालास की आता नाहीस, पण नाळ फोनवरून तोडता येत नाही),
सेतारा


२१ डिसेंबर

बद्दा,

भाबीच्या फोनवर तुझा आवाज आला. चाळीस सेकंद. सगळं तिच्यासाठी, आणि माझा उल्लेख 'तिला सांग' एवढाच. तर मला सांगण्यात आलं. एक, पिशवी खाली ठेव नाहीतर घरातून नीघ. दोन, तस्मिदाचं नाव कुठल्याही यादीत जाता कामा नये.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कुठलं घर? हे बांबू मी टेकडीवरून वाहून आणले. ताडपत्रीसाठी दोन दिवस पावसात मी रांगेत उभी होते, तुझी बायको नव्हती की फयाजचाचा नव्हता. आणि तू मलेशियात बसून मला माझ्याच झोपडीतून काढतोस. शाबास! फयाजचाचाला पाठव, दारातून ओढून काढायला. बघू किती बायका त्याला दारापर्यंत येऊ देतात.

दुसऱ्या गोष्टीवर मी तुझ्याशी भांडत नाही. यादी म्हणजे काय ते मला तुझ्याइतकंच कळतं. निकाहाच्या वेळी तू त्या कागदावर सही केली होतीस, दोनापेक्षा जास्त मुलं होऊ देणार नाही म्हणून. तुझा चेहरा मला आठवतो. हारेस झाला, मिनारा झाली आणि मग ही तिसरी आली. सीमेचे शिपाई यादी घेऊन यायचे, सगळ्यांना अंगणात उभं करून डोकी मोजायचे, आणि तस्मिदा भाताच्या कणगीत असायची. तिला कणगीत ठेवणारी मीच होते. सुरुवातीला तोंडावर हात धरायला लागायचा. पुढं मी तिला खेळच शिकवला: कागदवाला आला की आपण उंदीर व्हायचं. उंदीर बोलत नाही, शिंकत नाही, आईला हाक मारत नाही. दोन वर्षांची होईतो ती त्यात इतकी पक्की झाली की मला शोधावी लागायची.

तरी कोणीतरी चुगली केलीच. तुझ्या नावाचा हुकूम निघाला आणि तुला होडीत बसावं लागलं. ती तेव्हा अडीच वर्षांची होती, आता पाच पूर्ण झाली. तिला बाप म्हणजे फोनमधला खोकला. तुझा दोष नाही. त्या यादीला मी तुझ्याइतक्याच शिव्या देते. म्हणून इथंही आपण कोणाला सांगितलेलं नाही. रेशनसुद्धा एक माणूस कमी सांगून घेतो. फयाजचाचा म्हणतो, इकडच्या याद्या तिकडच्या सरकारकडे जाणार, जानेवारीत माणसं परत धाडायला सुरुवात होणार. खरं असेलही.

गंमत सांगू? तस्मिदा अजून उंदीर होते. कोणी हातात कागद धरून गल्लीत शिरलं की ही मागच्या ताडपत्रीच्या आड. मी आले तरी! परवा मी दारात उभी राहून हाका मारत होते. पिशवी खाली ठेवली, यादी पाठीमागे लपवली, तेव्हा कुठं बाईसाहेब बाहेर आल्या. भाबी आणि मी पोट धरून हसलो.

मागच्या ओळीत एक चार वर्षांची मुलगी गेली. घाबरून जनाजाला पाच माणसंही आली नाहीत. पिशवी मी खाली ठेवत नाही, हे पुन्हा एकदा लिहून ठेवते.

सेतारा


२६ डिसेंबर
दवाखान्याच्या बाहेर, बाकावर

बद्दा,

परवानगी मागायला लिहीत नाही. जे झालं ते कळवते आहे.

तस्मिदाला काल ताप होता. आज सकाळी ती पाणी गिळेना. मी तिला दारात उजेडाला नेलं, चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली आणि पाहिलं. डाव्या बाजूला साय होती. पंधरा दिवस मी दुसऱ्यांच्या पोरांच्या घशात हेच शोधत फिरते आहे, मला कोणी समजवायची गरज नव्हती.

भाबी म्हणाली, "त्यांना विचारू या."

"कोणाला?"

"हिच्या बापाला. तिथं नाव लिहितात, सेतारा. नाव लिहिल्याशिवाय आत घेत नाहीत."

तेवढ्यात फयाजचाचा आला. त्याला बातम्या वाऱ्यावरच कळतात. म्हणाला, "जफरला फोन लावलाय, लागत नाही. तो कामावर असेल. दुपारपर्यंत थांब. बापाच्या संमतीशिवाय पोर परक्यांच्या हाती द्यायचं नसतं. आणि असल्या तंबूत गेलेली पोरं परत येत नाहीत, मी पाहिलंय."

"चाचा, ती परत येत नाहीत कारण तुम्ही त्यांना दुपारपर्यंत थांबवता."

हे मी बोलले. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला बोलले, साऱ्या गल्लीसमोर, ओढणी सावरायचंही भान नव्हतं. त्यानं तुला सांगितलं असेलच. त्यानं जेवढं सांगितलं त्याहून मी जास्तच बोलले असेन असं धर.

मग मी तिला पाठीला बांधलं आणि उतार धरला. भाबी मागून रडत, ठेचकाळत येत होती. रुग्णांच्या तंबूच्या दाराशी वही घेऊन एक मुलगा बसतो. त्यानं विचारलं, "नाव?" आणि बद्दा, माझ्या पाठीवरची पोर दगडासारखी निश्चल झाली. ज्या पोरीला श्वास पुरत नव्हता तिनं श्वास धरून ठेवला. ती उंदीर झाली होती.

मी मोठ्यानं सांगितलं, "तस्मिदा. वय पाच. आमची तिसरी."

त्यानं लिहून घेतलं. आभाळ कोसळलं नाही.

डॉक्टर तरुण आहेत, ढाक्याचे. म्हणाले, रोगाच्या विषावर एक उतारा आहे, तो थेंबथेंब चार तास शिरेतून द्यावा लागतो. तो सगळ्यांना पुरत नाही, पण हिच्यासाठी आहे. मात्र काही पोरांना तो उताराच बाधतो, अंग सुजतं, श्वास अडकतो. दिला तर धोका, न दिला तर जास्त धोका. सही कोण करणार? भाबीनं माझ्याकडे पाहिलं. मी केली. अंगठा नाही, सही, तू शिकवलेल्या अक्षरांत.

आता दोन तास झाले आहेत. रेहनुमा आत आहे, मध्ये बाहेर येऊन म्हणाली, "बुबू, अजून काही नाही." याचा अर्थ चांगला की वाईट ते मी विचारलं नाही. तुला राग आला असेल तर मलाही आला आहे. तुझा मोठा की माझा, ते नंतर बघू.

सेतारा


२९ डिसेंबर

बद्दा,

ती जगली आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला वाचता येईल. परवा संध्याकाळी सूज उतरायला लागली, आज तिनं तीन चमचे खिमट गिळलं आणि मिनाराच्या नावानं भांडण काढलं.

तुझा निरोप मी पाच वेळा ऐकला. 'तुझ्या त्या पिशवीनं घरात रोग आणला. माझ्या पोरीला तू मरणाच्या दारात नेलंस.' भाबी म्हणाली, मनावर घेऊ नको, ते रागात आहेत. पण मी मनावर घेतलं, कारण यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते तुला माहीत नाही. पहिल्या पत्रापासून मी ते तुझ्यापासून लपवते आहे.

१२ तारखेला, टोचणीच्या पहिल्याच दिवशी, आमची तुकडी आमच्या गल्लीत आली. रेहनुमानं वही उघडली. "बुबू, सुरुवात तुझ्याच घरापासून करू, म्हणजे लोकांना भरवसा येईल. घरात मुलं किती?"

मी म्हणाले, "दोन."

तिनं वहीत दोन लिहिले. हारेसला टोचलं, मिनाराला टोचलं. तस्मिदा चार हातांवर ताडपत्रीच्या मागं होती आणि मला ती तिथं आहे हे ठाऊक होतं. सुई होती, औषध होतं, पेटी थंड होती, टोचणारी शेजारी उभी होती. मला फक्त 'तीन' म्हणायचं होतं.

तुला वाटेल तुझ्या धाकानं म्हणाले. नाही. तू बजावलंस ते नंतर, २१ च्या आधी दोन दिवस. फयाजचाचाही तिथं नव्हता. बंदूक नव्हती, शिपाई नव्हता, वही धरलेली एक एकवीस वर्षांची पोरगी होती आणि तिच्या ओठावर दह्याचा डाग होता. तरी माझ्या तोंडून 'दोन' निघालं. विचार केला असता तर कदाचित खरं बोलले असते. विचार करायला वेळच लागला नाही, एवढी वर्षं घोटलेलं उत्तर होतं ते.

दुपारी मला ते लख्ख कळलं. तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. पण मला लाज वाटली. दिवसभर लोकांना, पोरं लपवू नका, असं ओरडून सांगणारी मी. म्हटलं, दुसऱ्या फेरीत बघू. आणि मग तुला ते गमतीचं पत्र लिहिलं, आम्ही पोट धरून हसलो म्हणून. हसलो होतो हे खरं आहे.

म्हणून आता सांगते. रोग पिशवीतून आला नाही, तो सगळ्या टेकडीवर आहे. पण तो तिच्यापर्यंत पोचला तेव्हा तिच्या अंगात काही नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. तू मला दूर बसून शिव्या घातल्यास, त्या मी घेते. पण त्या योग्य कारणासाठी घाल. मी घराबाहेर पडले म्हणून नको. मी बाहेर पडूनही मनानं त्या कणगीशेजारीच उभी राहिले, म्हणून घाल.

तुझी माफी मी मागत नाही. जिची मागायची तिची मागितली. ती म्हणाली, "मग मला पण नखाला काळं लावशील?"

सेतारा


१२ जानेवारी २०१८

बद्दा,

दोन तारखेला माझी इद्दत पूर्ण झाली, मोजून बघ. तेवढा एक दगड तुझ्या हातातून गेला.

तस्मिदाला घरी आणलं. या रोगानं हृदय अशक्त होतं, म्हणून डॉक्टरांनी आणखी काही आठवडे धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत असं बजावलंय. पाच वर्षांच्या पोरीला झोपवून ठेवणं म्हणजे बेडूक तराजूत तोलणं. भाबी तिच्या पायावर पाय टाकून झोपते. परवा तू तिच्याशी बोलायचं म्हणालास तेव्हा ती का बोलली नाही, ते सांगू? तिनं फोनवर हात ठेवून मला विचारलं, "हा मोजायला येणार आहे का?" मी म्हटलं, नाही, हा तुझा बाप आहे. ती म्हणाली, "मग तो मोजतो का नाही?" याचं उत्तर तूच तिला दे.

आता दुसरी बातमी, फयाजचाचाच्या आधी माझ्याकडून ऐक. चहाच्या टपरीत त्यानं पाचसहा म्हाताऱ्यांना जमवलं. पुढच्या फेरीला यादीवाल्यांना गल्लीत येऊ द्यायचं की नाही, हा प्रश्न. बायकांना आत जागा नव्हती, मी चटईच्या भिंतीला टेकून बाहेर उभी होते. हळूहळू बाकीच्याही आल्या.

चाचा म्हणत होता, "हात दाखवून अवलक्षण कशाला? आज नावं द्या, उद्या तीच नावं वाचत ट्रक येतील."

मी बाहेरूनच म्हणाले, "ट्रक येतील तेव्हा येतील, चाचा. पोरं आज जाताहेत."

"तुझी वाचली ना? अल्लाची मेहेरबानी. आता गप बस."

"गप बसूनच तर तिला आजारी पाडलं मी."

आणि मी सगळं सांगितलं. बारा तारीख, वही, दोन. बाहेर गुलजहार नानी होती, तिनं माझ्याकडे पाहून पिंक टाकली. मला वाटलं, आता ही सगळ्यांदेखत मला उलटंसुलटं बोलणार. ती म्हणाली, "चारच नाहीत माझी. पाचवं आहे. सुनेचं, तान्हं. त्या दिवशी चुलीमागं होतं." मग दुसरी कोणी म्हणाली, माझं एक. तिसरीनं नुसती दोन बोटं दाखवली. मी मोजलं नाही. त्या दिवशी मोजायचं नव्हतं.

चाचा बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. तो वाईट माणूस नाही, बद्दा. त्याचा थोरला मुलगा यादीतल्या नावावरूनच उचलला गेला होता. कोणाची भीती खोटी आहे असं मी म्हणतच नाही. पण त्या भीतीचं भाडं पोरांनी का भरायचं?

रेहनुमाला मी सगळं सांगितलं. ती वही मिटून म्हणाली, "मग आपण विचारायचं तरी कसं?"

मी म्हटलं, "मुलं किती, हा प्रश्नच टाकून दे. त्याचं उत्तर आमच्या बायकांना पाठ आहे, झोपेतही तेच देतील. तू विचार, सकाळी भात किती जणांना वाढलास?"

आम्ही चार घरी करून पाहिलं. बाई भाताचं सांगायला लागली की बोटांवर नावं घेते, याला एवढा, त्याला एवढा, त्या कार्टीला खरवड लागते. खरवड खाणारी पोरगी वहीत नसते. मग आम्ही म्हणायचं, बोलाव की तिला. बाई आमच्याकडे बघते, आम्ही बाईकडे बघतो. चारपैकी तीन जणींनी बोलावलं. चौथीनं दार लावून घेतलं. तिच्याकडे मी रोज जाते.

सेतारा


२९ जानेवारी

बद्दा,

काल आमच्या गल्लीत दुसरी फेरी झाली. मागच्या वहीपेक्षा एकोणीस पोरं जास्त निघाली. चौथीनंही दार उघडलं. गुलजहार नानीचं तान्हं इतकं ओरडलं की शेजारच्या ब्लॉकमधून माणसं बघायला आली. फयाजचाचा दिवसभर टपरीत बसून होता. त्याच्या सुनेनं भात सहा पोरांना वाढला होता, वहीत पाचच होती. सहाव्याला टोचताना मी टपरीकडे पाठ केली, चाचाला माझ्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून.

यावेळी वही निराळी आहे. पोराचं नाव, बापाचं नाव, जिवंत की मृत, मूळ गाव. मी रेहनुमाला सरळ विचारलं, "हे तिकडच्या सरकारकडे जाणार?" ती म्हणाली, "बुबू, दवाखान्याबाहेर जाऊ नये असं आम्हाला सांगितलंय. पुढचं मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?" ती खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

सकाळीच तुझा निरोप आला होता. पहिल्यांदाच थेट माझ्या नावानं, 'सेतारा' म्हणून. आवाज खाली होता, शेजारी कोणी झोपलं असावं. म्हणालास, तस्मिदाचं नाव लिहायचं असेल तर लिही, मी अडवत नाही. पण माझ्या नावापुढं मृत लिही. माझ्यावर तिकडे हुकूम आहे, इकडे माझ्याकडे कागद नाही, मेलेल्या माणसाला कोणी शोधत नाही. सगळ्यांना तेच सोयीचं आहे.

भाबी चुलीपाशी बसून ते ऐकत होती. तिनं फोन बंद केला, तांदूळ निवडायचे ठेवून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

आमच्या दाराशी वही आली तेव्हा तस्मिदा पळाली नाही. पळायची तिला मनाई आहे, हे एक कारण. पण ती दाराच्या मधोमध उभी होती, बोट आधीच पुढं करून. रेहनुमानं तिला टोचलं, तिनं मला दोन शिव्या दिल्या, दोन्ही हारेसकडून शिकलेल्या. मग मी वही मागून घेतली आणि आमच्या घराची ओळ स्वतः लिहिली. हारेस. मिनारा. तस्मिदा. सकाळपासून तुझा निरोप माझ्या कानात होता. विधवा म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको, बद्दा. रेशनच्या कागदावर कादरच्या नावापुढं मी मृत लिहिलंय, ते खरं आहे म्हणून लिहिलंय. माझ्या हातून या घरात एक खोटा आकडा गेला. आता एक खोटं प्रेत जाणार नाही. तू मला बहीण मानत नाहीस, घरातून काढतोस, फोन आपटतोस. एवढा राग मेलेल्या माणसाला येत नाही.

ती वही कुठं जायची तिथं जाऊ दे. ज्यांनी आपल्याला दोनावर थांबायला सांगितलं त्यांच्या टेबलावर गेली तर त्यांनीही वाचावं: तिसरी आहे, पाच वर्षांची आहे, श्वास घेते आहे.

बापाच्या रकान्यात मी जफर आलम लिहिलंय. पुढं जिवंत. खोडायचं असेल तर इथं ये आणि तस्मिदासमोर स्वतःच्या हातानं खोड.

सेतारा